घरगुती रेडिओ रॅक

हौशी रेडिओ केंद्रातील प्रक्षेपक-ग्राही संच, वीजपुरवठा, बॅटरी, आकाशक-जुळणी यंत्र व इतर जोडउपकरणे एका चौकटीत बसविण्यासाठी स्वस्त अथवा टाकाऊ साहित्यापासून घरी तयार केलेल्या मांडणीस घरगुती रेडिओ रॅक असे म्हणतात. कल्पनेच्या दृष्टीने तिचे स्वयंपाकघरातील भांड्यांच्या मांडणीशी साम्य आहे. मात्र रेडिओ रॅकला केवळ वजन पेलून भागत नाही. उपकरणांची उष्णता बाहेर टाकणे, त्यांच्या धातूच्या आवरणांना विजेच्या दृष्टीने एकत्र जोडणे आणि मागील तारांपर्यंत हात पोहोचू देणे ही कामेही तिला करावी लागतात.

तयार रॅक शहरांत विकत मिळतात. परंतु विद्यार्थी, शाळांमधील विज्ञान मंडळे आणि ग्रामीण भागातील हौशी प्रक्षेपक यांना त्यांची किंमत व वाहतूक परवडतेच असे नाही. भंगारातील लोखंडी अँगल, जुन्या संगणकांची कॅबिनेटे, निकामी इन्व्हर्टर ट्रॉली यांसारख्या वस्तूंपासून तेच काम फार कमी खर्चात होऊ शकते. अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा व मेळघाट परिसरासारख्या डोंगराळ, पावसाळी आणि संपर्कसाधनांची उणीव असलेल्या प्रदेशात अशा रचनेला विशेष महत्त्व प्राप्त होते.

इतिहास

विसाव्या शतकाच्या आरंभी हौशी रेडिओप्रेमी आपली यंत्रे लाकडी पाटावर जोडत असत. पाव कापण्याच्या पाटाचा यासाठी सर्रास उपयोग होई. प्रायोगिक जोडणीच्या फळीस आजही ‘ब्रेडबोर्ड’ म्हणतात, ते यावरूनच. दूरध्वनी केंद्रांतील वाढत्या उपकरणांसाठी अमेरिकेत १९२० च्या दशकात १९ इंच रुंदीच्या चौकटी रूढ झाल्या. पुढे रेडिओ केंद्रे, ध्वनिमुद्रणगृहे आणि संगणककक्ष यांनीही हेच माप स्वीकारले. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराची शिल्लक सामग्री बाजारात आली, तेव्हा अनेक देशांतील हौशी प्रक्षेपकांनी तिच्यातून आपली केंद्रे उभारली.

भारतात हौशी रेडिओचा आरंभ १९२१ मध्ये झाला. अमरेंद्रचंद्र गुप्तू हे देशातील पहिले परवानाधारक हौशी प्रक्षेपक मानले जातात. महायुद्धाच्या काळात हौशी परवाने स्थगित करण्यात आले होते. अशा स्थितीत १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनात मुंबईतून गुप्तपणे चालविलेल्या काँग्रेस रेडिओचा प्रक्षेपक नरिमन प्रिंटर यांनी जुळविला. उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी चालविलेले हे केंद्र ४२.३४ मीटर तरंगलांबीवर, म्हणजे सुमारे ७ मेगाहर्ट्झवर ऐकू येई. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून त्याची जागा वारंवार बदलावी लागे. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी ते बंद पाडले. उपकरणे चटकन हलविता येण्याजोगी असावीत, ही गरज भारतातील घरगुती रेडिओच्या इतिहासात इतकी जुनी आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात आयातीवरील निर्बंधांमुळे परदेशी संच दुर्मीळ होते. मुंबईतील लॅमिंग्टन रोड व चोर बाजार यांसारख्या ठिकाणांहून सुटे भाग आणून संच घरीच जोडण्याची परंपरा त्यामुळे रुजली. हैदराबादचे अशहर फरहान यांनी २००० च्या दशकात प्रसिद्ध केलेला ‘बिटेक्स’ हा संच याच परंपरेतील असून, सहज मिळणाऱ्या भागांतून तो घरी जोडता येतो.

मानक मापे

१९ इंची रॅकमध्ये उपकरणाच्या दर्शनी पट्टीची रुंदी ४८२.६ मिलिमीटर असते. उंची ‘यू’ या एककात मोजली जाते. १ यू म्हणजे १.७५ इंच अथवा ४४.४५ मिलिमीटर. दोन उभ्या पट्ट्यांमधील मोकळी जागा किमान ४५० मिलिमीटर असावी लागते आणि डाव्या-उजव्या छिद्रांच्या मध्यबिंदूंमधील अंतर ४६५.१ मिलिमीटर असते.

प्रत्येक यूमध्ये तीन छिद्रे असतात. यूच्या खालच्या सीमेपासून त्यांचे मध्यबिंदू अनुक्रमे ६.३५, २२.२ आणि ३८.१ मिलिमीटरवर येतात. म्हणजे लगतच्या छिद्रांमधील अंतरे १५.९, १५.९ व १२.७ मिलिमीटर या क्रमाने पुन्हा पुन्हा येतात. घरी छिद्रे पाडताना एका छिद्रापासून पुढचे छिद्र मोजत गेल्यास प्रत्येक वेळची लहान चूक साठत जाते आणि दहा-बारा यूनंतर पट्टी बसेनाशी होते. म्हणून सर्व मापे पट्टीच्या एकाच टोकापासून घेणे आवश्यक असते.

हौशी रेडिओतील बहुतेक संच या मानक रुंदीचे नसतात; ते बरेच लहान असतात. त्यामुळे केवळ असे संच ठेवायचे असल्यास छिद्रांच्या पट्ट्यांऐवजी साध्या कप्प्यांची रॅक पुरते. दूरसंचार, ध्वनिक्षेपण अथवा संगणक क्षेत्रातून मोडीत निघालेली १९ इंची उपकरणे वापरायची असतील, तरच वरील मापे काटेकोरपणे पाळावी लागतात.

साहित्य

टाकाऊ साहित्याची निवड करताना ते कोणता भार पेलू शकते आणि त्यातून कोणता धोका संभवतो, या दोन्ही गोष्टी पाहाव्या लागतात. सामान्यतः पुढील वस्तू वापरल्या जातात :

- स्लॉटेड अँगल : दुकाने व गोदामांच्या मोडलेल्या मांडण्यांतून मिळणारा, जागोजागी छिद्रे असलेला लोखंडी अँगल. वेल्डिंगविना, केवळ नट-बोल्टने जोडता येत असल्याने घरगुती कामास तो सर्वांत सोयीचा ठरतो.
- लोखंडी पलंग, कुलरचे स्टँड व नामफलकांच्या चौकटी : अँगल चांगल्या जाडीचा असतो, परंतु छिद्रे स्वतः पाडावी लागतात.
- संगणकाची जुनी कॅबिनेटे : त्यांचा पत्रा पातळ असल्याने भार पेलण्यास उपयोगी नसतो. दर्शनी पट्ट्या, बाजूची झाकणे व जाळ्या यांसाठी मात्र तो उत्तम. आतील १२ व्होल्टचे पंखेही काढून घेता येतात.
- इन्व्हर्टर ट्रॉली : खाली चाके असल्याने बॅटरीसह रॅकचा तळ म्हणून उपयोगी.
- खणांचे सरक-चॅनेल : जुन्या टेबलांतून काढलेले चॅनेल कप्प्यांना लावल्यास संच पुढे ओढून मागील जोडण्या तपासता येतात.
- ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचे भाग : हलके व न गंजणारे, म्हणून वाहून न्यावयाच्या लहान रॅकसाठी योग्य.
- प्लायवुड व जुने सागवानी लाकूड : कप्प्यांसाठी. फलाट-पेट्यांचे कच्चे लाकूड दमट हवेत वाकते.

वऱ्हाडात सहज मिळणारी संत्र्याची लाकडी पेटी हलक्या सुट्या भागांसाठी ठीक असली, तरी तिच्या पातळ फळ्या व बारीक खिळे वीजपुरवठ्याचे वजन पेलू शकत नाहीत.

काही वस्तू भंगारातून मुळीच उघडू नयेत. जुन्या दूरचित्रवाणी संचांतील काचनळीत आणि मायक्रोवेव्ह भट्टीतील धारित्रात वीज तोडल्यानंतरही जीवघेणा विद्युतभार राहू शकतो. संगणकाच्या वीजपुरवठ्यात २३० व्होल्टच्या प्रवाहापासून सुमारे ३२५ व्होल्टचा एकदिश दाब निर्माण होतो आणि तोही धारित्रांत काही काळ टिकतो. ॲस्बेस्टॉसचे पत्रे कापल्याने फुप्फुसांस घातक धूळ उडते. मोठ्या प्रक्षेपकांतील काही जुन्या नळ्यांमध्ये बेरिलियम ऑक्साइडची पांढरी चिनीमातीसारखी वस्तू असते; ती फोडणे अथवा घासणे धोक्याचे असते.

रचना : बारा यूचे उदाहरण

४० मिलिमीटर रुंदीच्या बाजू असलेल्या स्लॉटेड अँगलपासून १२ यूची रॅक पुढीलप्रमाणे तयार करता येते. १२ यूंची आतील उंची ५३३.४ मिलिमीटर होते. वर-खाली जोडणीसाठी जागा धरून उभे खांब ६०० मिलिमीटरचे घेतले जातात. समोरील मोकळी जागा ४५० मिलिमीटर आणि दोन्हीकडील अँगलच्या बाजू प्रत्येकी ४० मिलिमीटर, म्हणून बाहेरील रुंदी ५३० मिलिमीटर येते. खोली ४०० मिलिमीटर ठेवल्यास चार खांब, रुंदीचे चार व खोलीचे चार तुकडे मिळून सुमारे ६.१ मीटर अँगल लागतो. कापण्यातील नासधूस धरता साडेसहा मीटर पुरेसा होतो.

स्लॉटेड अँगलची मूळ छिद्रे मानक अंतराशी जुळत नाहीत. म्हणून समोरच्या दोन खांबांवर लोखंडी पट्टी वेगळी बसवून, पट्टी व अँगल एकत्र धरून नवी छिद्रे पाडली जातात. दोन्ही पट्ट्या प्रथम एकमेकींवर आवळून एकदमच छिद्रे पाडल्यास डावी-उजवी बाजू आपोआप समपातळीत येते. मोकळ्या जागेच्या कडेपासून छिद्राचा मध्य साडेसात मिलिमीटरवर येतो.

चौकट काटकोनात आहे की नाही, हे तिचे दोन्ही कर्ण मोजून ठरविता येते. ते समान असतील तरच चौकट काटकोनी असते. केवळ नट-बोल्टने जोडलेला आयत बाजूने ढकलल्यास तिरपा होतो. त्रिकोण होत नाही. म्हणून कोपऱ्यांवर त्रिकोणी पत्रे किंवा मागे एक तिरकी पट्टी लावणे अनिवार्य असते. कापलेल्या कडा कानशीने घासून बोथट केल्या जातात, अन्यथा त्या तारांचे आवरण कापतात.

जड वस्तू नेहमी तळाशी ठेवाव्यात. १०० अँपिअर-तास क्षमतेच्या शिसे-आम्ल बॅटरीचे वजन सुमारे ३० किलोग्रॅम असते. ती वरच्या कप्प्यात ठेवल्यास धक्क्याने संपूर्ण रॅक उलटू शकते. वारंवार हाताळावयाचा संच बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीवर, तर क्वचित लागणारी उपकरणे वरच्या बाजूस ठेवण्याची पद्धत आहे.

वीजपुरवठा व तारा

१०० वॉट प्रक्षेपणशक्तीचा सामान्य संच १३.८ व्होल्टवर प्रक्षेपणाच्या वेळी सुमारे २० अँपिअर प्रवाह घेतो. इतक्या प्रवाहाला बारीक तार चालत नाही. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेने बॅटरी दोन मीटरवर जोडल्यास, जाण्या-येण्याच्या चार मीटरमध्ये सुमारे ०.६ व्होल्ट दाब वाया जातो. ६ चौरस मिलिमीटरची तार घेतल्यास ही तूट पाव व्होल्टवर येते. बॅटरी कमी भारित असताना एवढा फरकही संच बंद पडण्यास पुरेसा असतो. वीजपुरवठा व संच एकाच रॅकमध्ये असल्याने तारा आखूड राहतात, हा या रचनेचा मोठा लाभ होय.

बॅटरीच्या धन टोकालगतच फ्यूज बसवावा लागतो. १२ व्होल्टचा दाब झटका देत नसला, तरी लघुमंडल झाल्यास बॅटरीतून शेकडो अँपिअर प्रवाह वाहून तारा पेट घेतात. रॅकची लोखंडी चौकट सर्वत्र उघडी असल्याने निसटलेली तार तिला टेकण्याची शक्यता अधिक असते. शिसे-आम्ल बॅटरी भारित होताना हायड्रोजन हा ज्वलनशील वायू बाहेर पडतो. यास्तव ती बंद पेटीत न ठेवता हवेशीर तळकप्प्यात ठेवली जाते.

उष्णता व हवा

वरील उदाहरणात संच २७६ वॉट शक्ती घेतो आणि १०० वॉट आकाशकाकडे पाठवितो. उरलेल्या सुमारे १७५ वॉट शक्तीची उष्णता होते. गरम हवा वर जात असल्याने तळाशी हवा आत येण्यास आणि माथ्यावर बाहेर जाण्यास वाट ठेवली जाते. दोन उपकरणांमध्ये किमान एक यू मोकळा सोडणे हितावह असते. संगणकातील १२० मिलिमीटरचा जुना पंखा माथ्यावर हवा बाहेर फेकेल अशा दिशेने बसविल्यास नैसर्गिक प्रवाहाला साहाय्य होते. वाटांवर बारीक जाळी लावल्याने उंदीर व पाली आत शिरत नाहीत.

अर्थिंग

रॅकच्या मागे तांब्याची एक पट्टी बसवून प्रत्येक उपकरणाचे आवरण तिला स्वतंत्र, आखूड व रुंद वेणीदार तारेने जोडले जाते. एकाच्या आवरणावरून दुसऱ्याकडे अशी साखळी केल्यास मधला एक सांधा सैल होताच पुढील सर्व उपकरणे तुटतात. या तारा आखूड असण्याला रेडिओशास्त्रीय कारणही आहे. १४५ मेगाहर्ट्झवर तरंगलांबीचा चतुर्थांश सुमारे अर्धा मीटर असतो. तेवढ्या लांबीची अर्थिंगची तार स्वतःच आकाशकासारखी वागू लागते.

भंगारातील अँगलवर रंग व गंज असल्याने नट-बोल्ट घट्ट असूनही दोन तुकड्यांत विद्युतसंपर्क असेलच असे नाही. सांध्यांवरील रंग खरवडून, दातेरी वायसर घालून बोल्ट आवळला जातो आणि त्यानंतर बाहेरून रंगाचा हात दिला जातो. तांबे व ॲल्युमिनियम एकमेकांना थेट टेकल्यास दमट हवेत ॲल्युमिनियम झिजते. म्हणून मध्ये कल्हई केलेला अथवा पोलादी वायसर ठेवला जातो. रॅकची पट्टी घराच्या अर्थिंगशी जोडलेली असणे आवश्यक आहे. गॅसच्या नळीचा उपयोग अर्थिंगसाठी कधीही करू नये.

चिखलदरा व मेळघाटातील विचार

चिखलदरा हे सातपुड्याच्या गाविलगड रांगेतील, समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवरील थंड हवेचे ठिकाण आहे. वऱ्हाडचे मैदान त्याच्या दक्षिणेस, त्याहून साधारण ७५० मीटर खाली आहे. रेडिओ क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये काढण्यासाठी उंचीच्या मीटरमधील आकड्याच्या वर्गमुळाला ४.१२ ने गुणतात. ७५० चे वर्गमूळ सुमारे २७.४ असल्याने हे अंतर ११३ किलोमीटर येते. चिखलदऱ्यापासून सरळ रेषेत अमरावती सुमारे ७० व अकोला सुमारे ८५ किलोमीटरवर असल्याने, दक्षिणेकडील मोकळ्या कड्यावरून दोन्ही शहरे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ पट्ट्याच्या टप्प्यात येऊ शकतात.

मेळघाटाच्या अंतर्भागातील स्थिती याच्या उलट आहे. सेमाडोह, हरिसाल, धारणी यांसारखी गावे डोंगरांच्या आड असल्याने या लहरी त्यांच्यापर्यंत थेट पोहोचत नाहीत. तेथे ७ मेगाहर्ट्झच्या लहरी जवळजवळ सरळ वर पाठवून, आयनांबरावरून परावर्तित करून दरीत उतरविणे अधिक उपयुक्त ठरते. म्हणून या भागातील केंद्रात दोन्ही पट्ट्यांचे संच आणि त्यांचा समाईक वीजपुरवठा एकाच रॅकमध्ये ठेवणे सोयीचे असते. मेळघाटातील अनेक गावांत मोबाइलचे जाळे अपुरे आहे. अतिवृष्टीत घाटरस्ता व वीज दोन्ही बंद पडल्यास बॅटरीवर चालणारे सज्ज रेडिओ केंद्र हे रुग्णवाहिका अथवा मदत मागविण्याचे उरलेले साधन असू शकते.

चिखलदऱ्याचा पावसाळा विदर्भातील मैदानी भागापेक्षा अधिक दमट असून तेथे अनेक दिवस धुके राहते. थंड धातूवर बाष्प साचून गंज चढतो व सांध्यांचा विरोध वाढतो. यावर रेडऑक्साइडचा अस्तर-रंग व त्यावर इनॅमल रंग देणे, रॅक बाहेरच्या भिंतीपासून वीतभर दूर ठेवणे आणि संच आठवड्यातून काही वेळ चालू ठेवून आतील हवा उबदार राखणे हे उपाय केले जातात. तळाला लाकडी ठोकळे अथवा चाके दिल्यास ओल वर चढत नाही.

उंच पठारावर विजांचा धोका मोठा असतो. वादळाची चाहूल लागताच आकाशकाची तार रॅकपासून काढून घराबाहेर ठेवावी आणि वीजपुरवठ्याचे प्लगही काढावेत. तार घरात शिरते तेथेच वीजरोधक बसवून तो जमिनीशी जोडावा. तथापि कोणताही वीजरोधक थेट कोसळलेल्या विजेपासून पूर्ण संरक्षण देत नाही. येथील जमीन बेसाल्ट खडकाची असल्याने अर्थिंगचा विरोध अधिक येतो; एका सळईऐवजी अंतरा-अंतरावर पुरलेल्या व एकमेकींस जोडलेल्या अनेक सळया घेणे त्यामुळे श्रेयस्कर ठरते.

सुटे लोखंड व जुने फर्निचर घाटाखालील परतवाडा-अचलपूर येथील बाजारातून आणता येते. मेळघाट हा १९७३-७४ मध्ये घोषित झालेल्या देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक असल्याने जंगलातून लाकूड अथवा बांबू तोडून आणणे कायद्याने निषिद्ध आहे. परिसरात बांबूकामाची जुनी परंपरा असून धारणी तालुक्यातील लवादा येथे संपूर्ण बांबू केंद्र कार्यरत आहे. रीतसर मिळालेल्या व प्रक्रिया केलेल्या बांबूपासून हलकी, वाहून नेण्याजोगी रॅक करता येते. मात्र बांबू विद्युतवाहक नसल्याने तीत अर्थिंगची तांब्याची पट्टी प्रत्येक कप्प्यापर्यंत वेगळी न्यावी लागते.

आपत्कालीन उपयोग

२६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद यांचा हौशी रेडिओ चमू अंदमानात प्रक्षेपणासाठी गेलेला होता. त्यांच्या केंद्राने बेटांचा मुख्य भूमीशी संपर्क राखण्यास मोठे साहाय्य केले. अशा प्रसंगी संच, वीजपुरवठा व जोडणीच्या तारा एकाच चौकटीत तयार असतील, तर केंद्र हलविणे आणि पुन्हा सुरू करणे थोड्या वेळात शक्य होते. यासाठी चार ते सहा यूची, दोन माणसांना उचलता येईल अशी स्वतंत्र रॅक ठेवून बॅटरी वेगळी वाहून नेण्याची पद्धत प्रचलित आहे. रॅकच्या आतील बाजूस जोडणीचा आराखडा चिकटविलेला असल्यास ती तयार करणारा उपस्थित नसतानाही दुसरा परवानाधारक केंद्र चालवू शकतो.

कायदेशीर बाजू

रॅक तयार करण्यास कोणताही परवाना लागत नाही. परंतु तीत प्रक्षेपक संच बाळगणे व चालविणे यांस परवाना अनिवार्य आहे. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागातील बिनतारी नियोजन व समन्वय शाखा परीक्षा घेऊन हौशी केंद्राचा परवाना देते. वयाची १२ वर्षे पूर्ण झालेल्या भारतीय नागरिकास ही परीक्षा देता येते. वन विभाग व पोलीस यांच्या बिनतारी यंत्रणांना व्यत्यय न आणण्याची जबाबदारी परवानाधारकावर असते.

मर्यादा

टाकाऊ साहित्यात पूर्वीच्या वापराने आलेला थकवा व लपलेला गंज असू शकतो. म्हणून रॅकवर प्रत्यक्ष भाराच्या दुप्पट वजन एक दिवस ठेवून ती तपासावी. वीजपुरवठ्याचे यंत्र, फ्यूज, तारा व प्लग या गोष्टी भंगारातून घेण्यात होणारी बचत अल्प आणि संभाव्य हानी मोठी असते. काटकसर चौकटीत करावी, विजेच्या जोडण्यांत नव्हे, हे या रचनेचे सर्वमान्य तत्त्व आहे.

हे सुद्धा पहा

- हौशी रेडिओ
- काँग्रेस रेडिओ
- चिखलदरा
- मेळघाट व्याघ्रप्रकल्प
- आयनांबर